एरर येत नाही पण उत्तर चुकायलंय: ट्रू-फॉल्स, कंडिशन आणि तुलनेच्या चिन्हांबद्दल सारखे येणारे प्रश्न

लातूरला संध्याकाळच्या बॅचला पायथन आणि सी शिकवतो. व्हॉट्सॲपवर रात्री अकरा वाजता स्क्रीनचा फोटो येतो, खाली "सर हे काहून होत नाही", आणि दहातले सात फोटो इफच्या एकाच ओळीचे असतात. म्हणून सारखे येणारे प्रश्न एका जागी लिहून ठेवलेत. उदाहरणं पायथनची आहेत, जिथं सी वेगळं वागतं तिथं तसं सांगितलंय.

१. बुलियन म्हणजे नेमकं काय? आणि हे नाव कुणाचं?

ज्या वाक्याचं उत्तर फक्त हो किंवा नाही असं येतं ते बुलियन. `वय >= १८` हे गणित नाही, तो प्रश्न आहे, आणि मशीन त्याचं उत्तर ट्रू किंवा फॉल्स देतं, तिसरं काही नाही. "बघू", "होईल की" असली उत्तरं तिथं चालत नाहीत.

नाव जॉर्ज बूल या इंग्रज गणितज्ञाचं (१८१५ ते १८६४). विचार बीजगणितासारखे चिन्हांत मांडता येतात हे त्यानं १८४७ आणि १८५४ च्या पुस्तकांत दाखवलं, तेव्हा कॉम्प्युटर कुठं होता. पुढं १९३७ मध्ये क्लॉड शॅनननं आपल्या मास्टर्सच्या प्रबंधात दाखवलं की हेच बीजगणित विजेच्या स्विचांना लागू होतं, चालू म्हणजे ट्रू, बंद म्हणजे फॉल्स. बूलची बायको मेरी ही ज्यांच्या नावानं एव्हरेस्ट शिखर ओळखलं जातं त्या जॉर्ज एव्हरेस्टची पुतणी, हे परीक्षेला येत नाही पण सांगितलं की लेकरं जागी होतात.

२. तुम्ही कोड मराठीत लिहिलाय, तसाच टाइप करू का?

अर्धा चालेल. पायथन ३ मध्ये व्हेरिएबलचं नाव देवनागरीत देता येतं, `वय`, `ओलावा`, `पीक` सगळं चालतं. पण आकडे मात्र इंग्रजी कीबोर्डवरचेच टाकायचे, कोडमध्ये मराठी १८ लिहिला की लगेच सिंटॅक्स एरर. गंमत म्हणजे युजरनं इनपुटमध्ये मराठी १८ टाकला आणि तुम्ही तो इंटमध्ये, म्हणजे पूर्णांकात, बदलला तर पायथन तो गुपचूप घेतं. इफ, अँड, ऑर, नॉट, ट्रू, फॉल्स हे शब्दही इंग्रजीतच टाइप करायचे, आणि ट्रू-फॉल्सचं पहिलं अक्षर कॅपिटल. इथं फक्त वाचायला सोपं जावं म्हणून देवनागरी.

३. चिन्हं एकूण किती? आणि मी => लिहिलं तर का घेत नाही?

सहा. `>` मोठं, `<` लहान, `>=` मोठं किंवा तेवढंच, `<=` लहान किंवा तेवढंच, `==` तेवढंच, `!=` तेवढं नाही. जोडचिन्हांत बरोबरचं चिन्ह कायम शेवटी, कारण आपण बोलतो पण तसंच, "मोठं किंवा बरोबर". `=>` पायथनला कळतच नाही, एरर देऊन मोकळं होतं. `=!` मात्र सीमध्ये भयंकर, कारण तिथं त्याचा अर्थ "उलटं करून भर" असा निघतो आणि एरर येत नाही. दोन चिन्हांच्या मधे स्पेसही द्यायची नाही.

४. एक = आणि दोन == यात दर वेळेस घोळ होतो सर, काही युक्ती?

एक म्हणजे हुकूम, दोन म्हणजे प्रश्न. `मार्क = ३५` म्हणजे "मार्कात ३५ ठेव". `मार्क == ३५` म्हणजे "मार्क ३५ आहेत का?"

चूक तुमची एकट्याची नाही. शाळेत दहा वर्षं `=` म्हणजे बरोबर असंच घोकलेलं असतं, आणि हे चिन्ह १५५७ मध्ये रॉबर्ट रेकॉर्डनं काढलं तेही त्याच अर्थानं, दोन समांतर रेषांइतकं सारखं दुसरं काय असणार म्हणून. मग केन थॉम्पसननं बी नावाच्या भाषेत ठरवलं की प्रोग्राममध्ये किंमत भरायचं काम तुलनेपेक्षा जास्त वेळा लागतं, तर छोटं चिन्ह त्याला देऊ. ते सीमध्ये आलं आणि तिथून सगळीकडं. पास्कलवाल्यांनी शहाणपणा केला होता, भरायला `:=` आणि तुलनेला साधं `=`.

पायथन इफमध्ये एकच `=` दिसलं की थांबवतं. सी थांबवत नाही. `इफ (मार्क = ३५)` लिहिलं की आधी मार्कात ३५ भरतं, मग ३५ शून्य नाही म्हणून ट्रू धरतं, म्हणजे वर्गातला प्रत्येक जण पास आणि प्रत्येकाला ३५ च मार्क. कंपायलर जास्तीत जास्त वॉर्निंग देतो, आणि वॉर्निंग आपल्याकडं कोण वाचतंय.

५. पेपरात "किमान", "च्या आत", "पर्यंत" असं मराठीत देतात, तिथं नेमकं कुठलं चिन्ह?

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच, आणि सगळ्यात कमी विचारला जातो. आपण बोलताना कडेचा आकडा आत धरायचा की बाहेर हे सांगत नाही, ऐकणारा समजून घेतो. मशीन समजून घेत नाही.

"किमान ७५ टक्के", "७५ तरी पाहिजे", "१८ पूर्ण" हे सगळं `>=`. "जास्तीत जास्त १२" आणि "१० तारखेपर्यंत" हे `<=`, कारण १० तारखेला फॉर्म घेऊन गेला तर घेतात. "१००च्या वर" म्हणजे `>`. "सोडून" म्हणजे `!=`. "पेक्षा कमी नसावा" इथं बरीच जण कमी शब्द बघून `<` टाकतात, पण कमी नाही म्हणजे तेवढा किंवा जास्त, `>=`. आणि "३० च्या आत" हा खरा वांध्याचा शब्द. कुणी ३० धरून म्हणतं, कुणी सोडून. तिथं पेपर असेल तर गृहीत काय धरलं ते कॉमेंटमध्ये लिहा, काम असेल तर समोरच्याला फोन करून विचारा.

सोयाबीनचं बघा. हमीभावाच्या खरेदीत ओलाव्याची मर्यादा १२ टक्के असते. मीटरवर बरोबर १२ आला तर माल घ्यायचा का परत पाठवायचा? `ओलावा < १२` लिहिलं तर परत गेला, `ओलावा <= १२` लिहिलं तर घेतला. एका बरोबरच्या चिन्हावर शेतकऱ्याचा टेम्पो मोंढ्यातून माघारी फिरतो. आणि २०२४ च्या हंगामात केंद्रानं ही मर्यादा १५ पर्यंत सैल केली होती, म्हणून १२ हा आकडा दहा ठिकाणी लिहू नका, `मर्यादा = १२` असं वर एकदा ठेवा आणि खाली `ओलावा <= मर्यादा`.

मी स्वतः एका कॉलेजला हजेरीची यादी काढून दिली होती, `हजेरी > ७५` लिहून. नेमकी ७५ वाली चार पोरं यादीतून गळाली, आणि ती सरळ माझ्या घरी आली. तेव्हापासून कडेचा आकडा, त्याच्या एक अलीकडचा आणि एक पलीकडचा, असे तीन टाकून बघितल्याशिवाय मी कुणाला काही देत नाही.

६. मी १०० मार्क टाकले तरी नापास यायलंय!

कारण तुमच्या प्रोग्रामला ते १०० वाटतच नाहीत, एक, शून्य, शून्य अशी तीन अक्षरं वाटायलीत. पायथनमध्ये इनपुटनं घेतलेलं सगळं मजकूर म्हणूनच येतं. तुम्ही दुसऱ्या बाजूला पण अवतरणात `"३५"` लिहिलं असणार, आणि मजकुराची तुलना डिक्शनरीसारखी होते, पहिल्या अक्षरापासून. १ हा ३ च्या आधी येतो, झालं, `"१००"` हे `"३५"` पेक्षा लहान.

एका बाजूला मजकूर आणि दुसऱ्या बाजूला आकडा असेल तर `>=` वर टाइपएरर येतो, ते बरं, निदान कळतं तरी. पण `==` वर एरर येत नाही, शांतपणे फॉल्स येतं, आणि तुम्ही रात्रभर बसता. उपाय एकच, घेतानाच इंटमध्ये बदलून घ्या.

७. अँड कधी आणि ऑर कधी? मी "आणि" म्हणून अँड लावलं तर यादी रिकामी आली.

कारण मराठीतलं "आणि" आणि प्रोग्राममधलं अँड हे कायम एकच नसतात. मी वर्गात म्हणलं "लातूर आणि नांदेडची पोरं उभी राहा", तर दोन्हीकडची उभी राहतील. पण `जिल्हा == "लातूर" अँड जिल्हा == "नांदेड"` म्हणजे असा पोरगा शोध ज्याचा एकच जिल्हा एकाच वेळी लातूर पण आहे आणि नांदेड पण आहे. असा पोरगा अख्ख्या मराठवाड्यात सापडणार नाही. इथं ऑर पाहिजे.

मशीन एका वेळी एकच पोरगा समोर उभा करतं, त्या एकट्याला विचारायचं, तुला दोन्ही अटी लागू पाहिजेत का एक भागली तरी चालेल? दोन्ही पाहिजेत तर अँड. एक चालेल तर ऑर. दोन्ही खऱ्या असल्या तरी ऑर ट्रूच देतं बरं का, "चहा की कॉफी" मधल्या "की" सारखं एकच निवड असं ते म्हणत नाही.

उलट्या बाजूची चूक पण येते, `जिल्हा != "लातूर" ऑर जिल्हा != "नांदेड"`. हे सगळ्यांसाठी ट्रू आहे, लातूरवाला निदान नांदेडचा तरी नसतोच. त्याचं कारण ११ मध्ये.

८. `पीक == "सोयाबीन" ऑर "तूर"` लिहिलं, आता कापूस टाकला तरी आत घ्यायलंय.

बोलताना आपण "पीक सोयाबीन किंवा तूर असेल तर" म्हणतो आणि दुसऱ्यांदा "पीक" म्हणायची गरज पडत नाही. मशीनसाठी ऑरच्या दोन्ही बाजूंना पूर्ण वाक्य लागतं. तुमच्या ओळीत डावीकडं प्रश्न आहे आणि उजवीकडं नुसता `"तूर"` शब्द, आणि रिकामा नसलेला कुठलाही मजकूर पायथन ट्रू धरतं. मग कापूस काय, ऊस पण आत जाणार.

पूर्ण लिहा, `पीक == "सोयाबीन" ऑर पीक == "तूर"`. पिकं जास्त असतील तर यादी करून इन वापरा, `पीक इन ["सोयाबीन", "तूर", "हरभरा"]`.

९. `१८ <= वय <= ६०` पायथनमध्ये चालतं, सीमध्ये ७५ वर्षांचे आजोबा पण आत आले, असं का?

पायथन ही साखळी गणितासारखी वाचतं, दोन तुलना आणि मधे अँड. सी डावीकडून एकेक सोडवतं. आधी `१८ <= ७५`, उत्तर १. मग `१ <= ६०`, उत्तर परत १. आता वय काही पण टाका, पहिल्या भागाचं उत्तर ० नाहीतर १ च येणार आणि दोन्ही ६० पेक्षा लहानच, म्हणजे अट कायम खरी. सी आणि जावात दोन तुकडे करून मधे `&&` द्या (जावा तर साखळी दिसली की कंपाइलच करत नाही). एकच `&` टाकू नका, ते बिटांचं चिन्ह आहे, पायथनमध्ये तर ते तुलनेच्या आधी सुटतं आणि भलतंच उत्तर येतं.

१०. अँड आणि ऑर एकत्र आले तर आधी कोण?

नॉट, मग अँड, मग ऑर. पण पाठ करून करणार काय, कंस फुकट आहेत, टाका.

`तालुका == "औसा" ऑर तालुका == "निलंगा" अँड मार्क >= ६०`. वाचताना वाटतं दोन्ही तालुक्यांना ६० ची अट आहे. नाही. अँड आधी सुटतं, म्हणून निलंग्याच्या पोराला ६० लागतात आणि औश्याचा पोरगा शून्य मार्कावर पण यादीत. पहिल्या दोन तुकड्यांना कंस घातला की दोघांना सारखा न्याय.

लीप वर्षाची अट याच जातीची, `%` म्हणजे भागून उरलेली बाकी. `(वर्ष % ४ == ० अँड वर्ष % १०० != ०) ऑर वर्ष % ४०० == ०`. तपासायला २०२४ टाकून भागत नाही, १९०० आणि २००० टाका. १९०० लीप नव्हतं, २००० होतं. नुसतं `% ४` लिहिणाऱ्याचा प्रोग्राम १९०० ला पडतो.

११. नॉट कंसात नेल्यावर अँडचं ऑर का होतं?

"सोयाबीन पण आहे आणि तूर पण आहे, हे खोटं" याचा अर्थ दोन्हीपैकी एक तरी नाही. म्हणून `नॉट (क अँड ख)` म्हणजे `नॉट क ऑर नॉट ख`. आणि `नॉट (क ऑर ख)` म्हणजे `नॉट क अँड नॉट ख`. हा डी मॉर्गनचा नियम. ऑगस्टस डी मॉर्गन बूलच्याच काळातला, जन्म १८०६, आणि जन्मगाव कुठलं तर मदुराई.

म्हणून ७ मधली शेवटची अट "लातूर किंवा नांदेडचा नाही" अशी हवी असेल तर मधे अँड येतो. चिन्हं पण उलटी होतात, `<` चं उलटं `>=`, `>` नाही. हे विसरलं की कडेचा आकडा परत गळतो.

१२. शून्यानं भागायचा एरर टाळायला वेगळा इफ लिहावा लागतो का?

नाही. `एकर != ० अँड पोती / एकर > १०` एवढं पुरतं. अँडला डावीकडं फॉल्स मिळालं की तो उजवीकडं बघतच नाही, उत्तर ठरलेलंच असतं. ऑरला डावीकडं ट्रू मिळालं की तसंच. फक्त क्रम उलटा केला की भागाकार आधी होतो आणि प्रोग्राम आडवा.

१३. `इफ पास == ट्रू` लिहायचं का नुसतं `इफ पास`?

नुसतं. "तो पास आहे हे खरं आहे का" आणि "तो पास आहे का" यात फरक काही नाही, शब्द वाढले. फंक्शनमध्ये पण चार ओळींचा इफ-एल्स लिहून ट्रू-फॉल्स परत देण्यापेक्षा `रिटर्न मार्क >= ३५` लिहा.

सावध एकाच ठिकाणी. फाइलीतून किंवा युजरकडून "फॉल्स" हा शब्द आला तर तो मजकूर आहे, रिकामा नाही, म्हणून पायथन त्याला ट्रू धरतं. `"०"` पण ट्रू. नुसता ०, रिकामा मजकूर, रिकामी यादी आणि नन (पायथनचं "काहीच नाही") हे फॉल्स. आणि ट्रू आतून १ च असतो, `ट्रू + ट्रू` केलं तर २ येतात, किती पोरं पास झाली हे मोजायला ते कामाला येतं.

१४. `०.१ + ०.२ == ०.३` फॉल्स का येतं? कॉम्प्युटर बिघडलाय का?

नाही बिघडला. मशीन दोनाच्या पद्धतीत मोजतं, आणि आपल्याला जसं एक भागिले तीन ०.३३३ करत कधी संपवता येत नाही तसं त्याला ०.१ संपवता येत नाही. थोडं कापून ठेवतं, आणि बेरजेत दशांशचिन्हानंतर सतराव्या घरात एक ४ निघतो. `<=` पण तिथं फसतं, कारण बेरीज केसभर मोठी आहे.

पैसे असतील तर पैशांत मोजा, रुपयांत नको, म्हणजे पूर्णांक राहतात. बाकी ठिकाणी मॅथ मॉड्यूलमधलं इजक्लोज वापरा, ते दोन आकडे जवळजवळ सारखे आहेत का एवढंच बघतं. आणि मोजून येणाऱ्या आकड्याला `==` लावूच नका. जायकवाडीची पूर्ण भरल्याची पातळी १५२२ फूट, आता कुणी `पातळी == १५२२` असेल तर सूचना दे असं लिहिलं, आणि एका नोंदीला १५२१.९८ आलं आणि पुढच्या नोंदीला १५२२.०३, तर सूचना कधीच जाणार नाही. `>=` लिहा.

१५. दोन शब्द डोळ्याला एकदम सारखे दिसतात, तरी `==` फॉल्स देतंय.

आधी शेवटी स्पेस आहे का बघा, स्ट्रिप लावा, ते कडेच्या स्पेस काढून टाकतं. नव्वद टक्के वेळा तेच असतं असं माझं मत.

तरी नाही जमलं तर मराठीची खास गोष्ट. "शेतकऱ्या" हा शब्द दोन-तीन तऱ्हांनी टाइप होतो. कुणाचा कीबोर्ड ऱ हे वेगळं अक्षर टाकतो, कुणाचा र, हलंत आणि मधे एक न दिसणारा जोडक टाकतो, कुणाचा र खाली नुक्ता. स्क्रीनवर एकच आकार, आत कोड वेगळे, आणि `==` आतलं बघतं. नुक्त्याचा प्रकार युनिकोडडेटा मॉड्यूलमधल्या नॉर्मलाइजनं सुटतो, न दिसणारा जोडक मात्र स्वतः बदलावा लागतो.

याच कारणानं `<` लावून मराठी नावांची क्रमवारी पण थोडी चुकते. युनिकोडमध्ये, म्हणजे मशीन वापरतं त्या अक्षरांच्या नंबरांच्या यादीत, ळ हा ल च्या लगेच पुढं बसवलाय, आपल्या वर्णमालेत तो ह च्या नंतर येतो.

आणि अर्थ सारखा असणं मशीनला कळत नाही. जुन्या यादीत "उस्मानाबाद", नव्या यादीत "धाराशिव", तुम्हाला-मला एकच जिल्हा, `==` ला दोन. तुलनेच्या आधी एक नाव ठरवून सगळी यादी त्यात बदलून घ्या.

१६. पायथनमध्ये `==` ऐवजी इज चालतं का? आणि जावात `==` लावून नावं का जुळत नाहीत?

`==` विचारतं मजकूर सारखा आहे का, इज विचारतं वस्तू तीच आहे का. एकाच कंपनीच्या दोन सारख्या वह्या, `==` म्हणेल सारख्या, इज म्हणेल वेगळ्या. नेहमीचं पायथन -५ ते २५६ हे आकडे आधीच बनवून ठेवतं, म्हणून छोट्या आकड्यांवर इज चाललेलं दिसतं आणि मोठ्यावर दगा देतं. इज फक्त ननसाठी ठेवा.

जावात मजकुरावरचं `==` हे इजसारखं वागतं, तिथं इक्वल्स वापरा. सीमध्ये स्ट्रकंप, आणि ते सारखं असलं की ० देतं, म्हणजे नुसतं इफमध्ये टाकलं तर उलटंच. प्रत्येक बॅचला चार-पाच जण इथं पडतातच.

१७. ८२ मार्कवाल्याला पण नुसतं "पास" दाखवायलंय, डिस्टिंक्शन येत नाही.

इफ-एलिफच्या साखळीत पहिली खरी अट मिळाली की बाकीच्या वाचल्या जात नाहीत. तुम्ही वर `मार्क >= ३५` ठेवलंय, ८२ तिथंच अडकले. मोठी अट वर घ्या, ७५, मग ६०, मग ४५, शेवटी ३५.

१८. एक्सेल आणि एसक्यूएलमध्ये पण हेच चिन्हं का?

जवळपास (एसक्यूएल म्हणजे डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा). दोन्हीकडं तुलनेला एकच `=` आणि "नाही" ला `<>`. पण एक्सेलमध्ये मजकूर म्हणून बसलेला आकडा कुठल्याही खऱ्या आकड्यापेक्षा मोठा धरला जातो, म्हणजे `"५" > १००` खरं येतं. ६ मध्ये शंभरवाला नापास झाला होता, इथं पाचवाला पास होतो.

एसक्यूएलमध्ये तिसरं उत्तर पण आहे, माहीत नाही. जिल्ह्याचा रकाना रिकामा म्हणजे नल असेल तर `जिल्हा <> 'लातूर'` या अटीत ती ओळ येत नाही, `जिल्हा = 'लातूर'` मध्ये पण येत नाही. दोन्ही याद्यांची बेरीज एकूण पोरांपेक्षा कमी भरली की समजायचं, ज्यांनी फॉर्मवर जिल्हा लिहिलाच नाही ती मधल्या मधे राहिलीत, त्यांच्यासाठी इज नल अशी वेगळी अट लावायची.